पहिली भाकर

मी घरात कुठे आहे हे आईला डोळ्यांनी बघावं लागत नसे. माझ्या डाव्या पायाला मांडीपासून बुटापर्यंत कॅलिपर होता. दोन बाजूंना दोन लोखंडी पट्ट्या, मधे चामड्याचे पट्टे आणि गुडघ्यापाशी दोन कड्या. उभं राहिलं की कड्या खाली सरकवायच्या, म्हणजे पाय ताठ राहतो. बसायचं झालं की वर ओढायच्या. आम्ही घरात त्याला कुलूप म्हणायचो. कुलूप लागताना ‘खट्’ वाजायचं आणि उघडताना जरा बारीक, ‘चट्’. आई चुलीकडे तोंड करून बसलेली असली तरी त्या आवाजावरून तिला समजायचं, की पोर उठली, पोर बसली, पोर मागच्या पायरीवर गेली आणि आता चिंचा खाणार. “माधवी, काय करून राहिली तू तिकडे?” ही हाक पहिली चिंच तोंडात जायच्या आत यायची. इतर मुलींना चोरून काही करायचं तर पाय न वाजवता जाता येतं. मला ती सोय नव्हती. माझ्यावर आयुष्यात कुठला अन्याय झाला असेल तर तो हा, असं मला तेव्हा मनापासून वाटायचं.

सिल्वासात आम्ही सरकारी क्वार्टरमध्ये राहायचो. दोन खोल्या, मागे मोरी, मागच्या दाराला तीन पायऱ्या आणि पायऱ्यांसमोर जंगली बदामाचं झाड. बाबा कोकणातले, आई जळगावकडची, आणि शेजारच्या मंजुबेन पक्क्या गुजराती, त्यामुळे मी कुठल्या भाषेत स्वप्नं बघायचे ते मलाच ठाऊक नाही. सकाळी कारखान्याचा भोंगा व्हायचा आणि त्यापाठोपाठ मंजुबेनच्या घरातून राईच्या फोडणीचा वास यायचा. आमच्या घरात दोन पक्ष होते. बाबांना सुकट हवी, भात हवा, सोलकढी हवी. आईला या सगळ्याचा वास सोसायचा नाही. ती ज्वारी-उडदाच्या कळण्याची भाकर करायची, काळपट, जाड, वर तेल आणि लसणाची चटणी. वांगी भाजायची ती निखाऱ्यावरच, म्हणून गॅस आल्यावरही मागच्या दारात तिने मातीची चूल ठेवली होती. मी दोन्ही पक्षांकडून जेवायचे. भाकरीबरोबर सुकट खाणारी जळगावात किंवा कोकणात दुसरी कोणी नसेल, असं दोघं मला हसायचे.

पण आमच्या घरातली खरी वेगळी गोष्ट होती ती पहिल्या भाकरीची. तव्यावरची पहिली भाकर माझी. बाबा भुकेले आले असोत, पाहुणे पाटावर बसलेले असोत, सणाचा दिवस असो, आई पहिली भाकर माझ्या ताटात टाकायची. देवाच्या नैवेद्याचीसुद्धा दुसरी. एकदा मामा आला होता, तो म्हणाला, “अगं ताई, देवाला तरी आधी दाखव.” आई शांतपणे म्हणाली, “देव समजदार आहे. आमच्या घरात आधी घरचं.” मामा हसला. बाबा हसले नाहीत. ते ताटातलं मीठ बोटाने इकडून तिकडे करत राहिले. मला वाटायचं, आपण लाडक्या आहोत, आणि लाडकं असण्यात मला काहीच गैर वाटत नव्हतं. भाकर चांगली फुगली की मी तिला बोटाने भोक पाडायचे आणि वाफ तोंडावर घ्यायचे. बाबा सगळ्यांत शेवटी जेवायला बसायचे. तेही मला त्यांच्या स्वभावाचंच वाटायचं.

बाबा आरोग्य खात्यात होते. मोठ्या हुद्द्यावर नाही. गावोगाव, पाड्यापाड्यावर जाऊन लसी द्यायचं काम. पहाटे उठून ते आधी आरोग्य केंद्रात जायचे, बर्फाची पेटी भरून घ्यायचे आणि ती खांद्याला लावून बस पकडायचे. रांधा, खानवेल, त्याच्या पुढे बस जाईल तिथपर्यंत बसने आणि मग पायी. पेटीच्या पट्ट्याने त्यांच्या सगळ्या सदऱ्यांचा डावा खांदा विरलेला असायचा. आई ते सदरे रफू करायची, पण रफू करताना एक शब्द बोलायची नाही, आणि आई गप्प बसून काही काम करते आहे म्हणजे ते काम तिला आवडत नाही हे मला पुरतं माहीत होतं. रविवारी बाबा माझा कॅलिपर घेऊन पायरीवर बसायचे. कड्यांना शिवणयंत्राचं तेल, चामड्याला खोबरेल, बुटाला पॉलिश. मी बारावीत गेले तरी बुटाच्या नाड्या ते स्वतः ओवायचे. शाळेत सायकलवर सोडायचे, आणायला यायचे, आणि सुट्टीत कामावर असले तर कुणाला तरी सांगून ठेवायचे. मी म्हणायचे, “बाबा, मी चालत येईन ना.” ते म्हणायचे, “येशील गो, माहीत आहे मला,” आणि दुसऱ्या दिवशी सायकल पुन्हा शाळेच्या फाटकापाशी उभी.

मला चालता येत होतं, आणि बरंच काही येत होतं, हे इथे सांगून ठेवते, कारण असल्या आठवणी वाचताना लोक डोळ्याला पदर लावून बसतात. क्वार्टरच्या मुलांत माझा चांगलाच दरारा होता. जंगली बदामाचे खाली पडलेले बदाम फोडायला दगड लागतो, आणि दगडाने बदाम फुटतो पण आतला गर चेंदून जातो. माझ्या बुटाच्या टाचेला चांभाराने लोखंडी नाल ठोकलेली होती. तिच्याखाली बदाम बरोबर शिवणीत उभा धरला आणि वरून नेमका दाब दिला, की दोन फाका व्हायच्या आणि गर अख्खा बाहेर. ही कला फक्त मला येत होती. दुपारी मी पायरीवर बसायचे आणि पोरं फ्रॉकच्या ओच्यात बदाम घेऊन रांग लावायची. दर चार बदामांमागे एक माझा. एकदा मंजुबेन स्वतः वाटीभर बदाम घेऊन आल्या आणि म्हणाल्या, “माधवी बेटा, जरा तारो बूट आप ने.” मी म्हटलं, “बूट एकटा जात नाही, बेन, मालकीणही येते.” त्यांच्या घरी जाऊन मी वाटीभर बदाम फोडले आणि बशीभर हांडवो खाऊन आले. आता कंबर दुखते, काठी घ्यावी लागते, तीनचाकी स्कूटरवर बसून कामावर जाते. पण कुणी मला बालपणाबद्दल विचारलं की मला आधी ती रांग दिसते.

एक गोष्ट मात्र सलायची. बाबा मला कधीच त्यांच्या गावांकडे नेत नसत. मंजुबेनची मुलं खानवेलला सहलीला गेली, शाळेतल्या मुली नदीवर जाऊन आल्या. मी विचारलं की बाबा म्हणायचे, रस्ता वाईट आहे, बस भरलेली असते, पुढच्या वर्षी बघू. त्या गावांत बाबांना सगळे ओळखत होते. कुणी काकडी द्यायचं, कुणी मोहाची फुलं, कुणी कोंबडीची अंडी पानात बांधून. ते सगळं घरी यायचं, पण ते देणाऱ्यांना मी कधी बघितलं नव्हतं, आणि त्यांनी मला. सतरा वर्षांच्या मुलीला एवढ्यावरून जे वाटायचं ते मला वाटलं. बाबा दुसऱ्यांच्या पोरांचे पाय सांभाळतात, आणि आपल्या पोरीचा पाय लोकांना दिसू नये असं त्यांना वाटतं. त्यांना माझी लाज वाटते. हे मी कुणाला बोलले नाही, पण ते मनात धरून बसले.

मग रविवारी सगळीकडे एकाच दिवशी पोलिओचे थेंब पाजायची मोहीम सुरू झाली. बाबांना तर दिवस पुरेना. पहिला रविवार बरा गेला, पण खानवेलच्या पुढे एका पाड्यावर थेंब घेतलेल्या दोन पोरांना ताप आला, आणि पुढच्या खेपेला बायकांनी पोरं घेऊन रान गाठलं. बाबा दोनदा जाऊन रिकामे परत आले. तिसऱ्या वेळी आरोग्य केंद्रातले मोठे डॉक्टर त्यांना जीपने घरी सोडायला आले. मी पायरीवर बदाम फोडत होते. डॉक्टर माझ्याकडे, माझ्या पायाकडे आणि परत बाबांकडे बघत म्हणाले, “अहो, तुमच्या घरातच आहे की. हिला घेऊन जा पाड्यावर. तुम्ही शंभर वेळा सांगून जे पटणार नाही ते एकदा दिसलं की पटेल.”

बाबा म्हणाले, “नाही साहेब.”

मी बाबांना कुठल्याही साहेबाला नाही म्हणताना त्याआधी ऐकलं नव्हतं. डॉक्टरही चमकले. माझ्या मात्र अंगाची आग झाली. मी उभी राहिले, कुलूप लावलं आणि म्हटलं, “मी येईन. रविवारी मला सुट्टीच असते.” बाबांनी माझ्याकडे बघितलंच नाही. दारात आई उभी होती, हाताला पीठ लागलेलं. ती म्हणाली, “जाऊ द्या तिला. बघून येऊ द्या तुमचं गाव.” शेवटचे दोन शब्द तिने असे काही म्हटले की बाबांनी पुढे वाद घातला नाही.

रविवारी पहाटे जीप आली. पुढे ड्रायव्हर आणि परमार सिस्टर, मागे मी आणि बाबा. परमार सिस्टर वलसाडकडच्या, अंगाने भरलेल्या, बोलायला फटकळ आणि मनाने चांगल्या. त्यांनी बर्फाची पेटी माझ्या मांडीवर ठेवली. “पकड बराबर, आज तू हमारी स्टाफ है.” मला फार बरं वाटलं. पेटीचा गारवा परकरातून मांडीला लागत होता, आणि डाव्या मांडीला तो उजवीइतकाच लागत होता. अनेकांना वाटतं की आमच्या पायाला काही कळत नाही; सगळं कळतं, फक्त तो पाय आपलं ऐकत नाही. रांध्यावरून पुढे गेल्यावर साग लागला, मग चढ, मग खानवेल. बाबा बाहेर बघत होते. मी दोनदा काहीतरी विचारलं, त्यांनी ‘हूं’ म्हटलं. ते आता माझ्यावर रागावले आहेत याची मला खात्री झाली, आणि मीही तोंड फिरवून बसले.

पाडा छोटा होता, दहाबारा घरं, कुडाच्या भिंती, शेणाने सारवलेली अंगणं. जीपचा आवाज ऐकून बायका आत गेल्या होत्या. पण मी उतरून कुलूप लावलं तसा ‘खट्’ आवाज झाला, आणि एकेक डोकं बाहेर आलं. पायाला लोखंड बांधून चालणारी मुलगी त्यांनी बघितली नव्हती. बघता बघता अंगणात पंधरावीस बायका जमल्या. परमार सिस्टरना वाटलं, काम फत्ते. त्यांनी मला मधोमध उभं केलं, माझा परकर गुडघ्याच्या वर धरला आणि बोलायला सुरुवात केली. “देखो, बाई. ये इनकीच पोर है. थेंब नहीं पिया तो क्या होता है, देखो. जिंदगीभर का ये. अपने पोरांना असा करायचा आहे का?”

मी उन्हात उभी होते आणि बायका माझ्या पायाकडे बघत होत्या. मी स्वतःच्या हट्टाने आले होते, त्यामुळे तक्रार करायलाही जागा नव्हती. बाबा माझ्या मागे कुठेतरी होते. मला वाटलं, आता हेच खरं. आपण म्हणजे लोकांना भीती दाखवायची वस्तू.

तेवढ्यात एक म्हातारी पुढे आली. तिचं नाव सोमीबाई, ते मला नंतर कळलं. ती उकिडवी बसली आणि तिने माझ्या कॅलिपरवरून हात फिरवला, एखाद्या नव्या भांड्यावरून फिरवावा तसा. “हा कोणी दिला?”

“मुंबईच्या दवाखान्यात करून घेतला,” मी म्हटलं.

“दुखते काय?”

“नाही. उन्हाळ्यात घाम येतो.”

“हातात घड्याळ हाय तुजे. शाळेत जाते?”

“बारावीत आहे.”

“बारावी,” म्हातारी मागे वळून बायकांना म्हणाली. “जेवते बराबर?”

“फार जेवते,” मी म्हटलं, आणि बायका हसल्या.

म्हातारी गुडघ्यावर हात टेकून उठली. परमार सिस्टरना म्हणाली, “बाय, तू काय दाखवून भेव घालते? ही तं बेस हाय. गोरीगोमटी हाय, घड्याळ हाय, बारावी करते, बापासंगती जीपमधून फिरते. आमची पोरं दोन पायांवर हाय, पर चौथीच्या पुढं कोण गेला? असा पाय होत असल तं होऊ दे.”

सगळ्या बायका मोठ्याने हसल्या, आणि खरं सांगते, मलाही हसू फुटलं. परमार सिस्टरच्या हातातून माझा परकर सुटला. सगळा बेतच उलटा झाला होता. मला भीती दाखवायला आणलं होतं, आणि मी तिथे मिरवत होते. इतका मोठा मान मला त्याआधी कुणी दिला नव्हता. पण बायका हसत हसत उठायला लागल्या, पोरं काखेला मारून घराकडे वळल्या, आणि माझ्या लक्षात आलं की माझ्यामुळे आज एकाही पोराला थेंब मिळणार नाही. मी चांगली दिसते, म्हणून.

“थांबा,” बाबा म्हणाले.

ते पुढे आले. टोपी काढून त्यांनी हातात घेतली होती. बाबांना चारचौघांत बोलता येत नसे. पाड्यावरही ते एकेका घरी बसून हळू आवाजात बोलायचे. त्या दिवशीही आवाज हळूच होता, पण सगळ्यांना ऐकू जात होता. “आजी, तू म्हणतेस ते खरं आहे. माझी पोर बरी आहे. पण ती बरी आहे ती स्वतःच्या जिवावर. तिचा पाय गेला तो माझ्या चुकीने.”

घराकडे वळलेल्या बायका थांबल्या. मीही त्यांच्याकडे वळले.

“ही लहान होती तेव्हा मी या पाड्यावर यायचो. तेव्हा रस्ता नव्हता, नदी ओलांडून यायला लागायचं. हिला पहिला थेंब पाजला होता. दुसऱ्याच्या वेळी पेटी भरून डबा घ्यायला घरी आलो, तर हिची आई म्हणाली, निघण्याआधी हिला पाजून जा. मी म्हटलं, बर्फ ताजा आहे, पेटी आत्ताच उघडली तर लांबच्या पाड्यापर्यंत टिकणार नाही. आधी बाहेरचं, मग घरचं. संध्याकाळी पाजतो. संध्याकाळी घरी गेलो तेव्हा बर्फाचं पाणी झालं होतं. तसली लस पाजायची नसते. म्हटलं, उद्या. उद्याही तसंच. महिनाभर तसंच. घरातलीच तर पोर आहे, कुठे जाते, असं वाटलं. मग एक दिवस तिला ताप आला, आणि ताप उतरला तेव्हा पाय लुळा होता.” त्यांनी टोपी एका हातातून दुसऱ्या हातात घेतली. “मी रोज लस घेऊन फिरणारा माणूस. माझ्या घरात एवढंच राहून गेलं. तुम्ही राहू देऊ नका.”

सोमीबाई त्यांच्याकडे टक लावून बघत होती. “तू तोच काय, डोक्यावर पेटी घेऊन नदीतून आला होता? गळ्यापर्यंत पाणी होता?”

“हो.”

“माझ्या किसनला पाजला होता तू, तवा तो चारपाच वर्सांचा होता. तो उलटी करत होता तं तू बसून रायला, परत पाजला.” ती एका तरुण बाईकडे वळली. “तुजा नवरा, तो किसन.” तिची सून जानकी तीनचार महिन्यांची मुलगी छातीशी धरून उभी होती. तिने मलाच विचारलं, “तुला राग येते काय बापाचा?”

सगळ्यांनी माझ्याकडे बघितलं. मी म्हटलं, “मला आत्ताच कळलं. अजून राग यायला वेळ आहे.” यावर कुणी हसलं नाही. माझ्या डोळ्यांसमोर तव्यावर फुगलेली भाकर होती, ताटातलं मीठ इकडून तिकडे करणारं बाबांचं बोट होतं, आणि आईचे ‘आमच्या घरात आधी घरचं’ हे शब्द. सोळा वर्षं आई रोज दोन वेळा बाबांना तीच एक गोष्ट ऐकवत होती, आणि मी मजेत भाकरीला भोक पाडत होते.

मी ओट्यापाशी गेले, कड्या वर ओढल्या, ‘चट्’ वाजलं, आणि बसले. जानकीला म्हटलं, “दे इकडे.” तिने मुलगी माझ्या मांडीवर दिली. मुलीने लगेच लोखंडी पट्टी मुठीत धरली. मी म्हटलं, “आजी बोलली ते खोटं नाही. मी मजेत आहे. पण रोज सकाळी हे बांधायला मला अर्धा तास लागतो. संध्याकाळी सोडायला पंधरा मिनिटं. तेवढा वेळ तुझ्या पोरीला खेळायला मिळू दे.” मला यापेक्षा मोठं काही सुचलं नाही. आजही सुचत नाही.

जानकीने सासूकडे बघितलं. सोमीबाई म्हणाली, “पाज. पर नखावरची खूण ही पोर करेल.” बाबांनी पेटी उघडली. परमार सिस्टरनी बाटली घेतली आणि दोन गुलाबी थेंब मुलीच्या तोंडात सोडले. मुलीने तोंड वाकडं केलं. मी तिच्या करंगळीच्या नखावर शाईची खूण केली. त्या दिवशी त्या पाड्यावरच्या सगळ्या करंगळ्यांवर मी खुणा केल्या, आणि माझी बोटं आठवडाभर जांभळी राहिली.

परत येताना खानवेलपाशी ड्रायव्हर आणि सिस्टर चहाला उतरले. जीपमध्ये आम्ही दोघंच होतो. मला राग आला नाही असं लिहिलं तर ते खोटं होईल. चांगला आला होता. मी विचारलं, “म्हणून तुम्ही मला इकडे कधी आणलं नाहीत? माझी लाज वाटत होती तुम्हाला?”

बाबांनी माझ्याकडे असं बघितलं की जणू मी परक्या भाषेत बोलले. “तुझी? तुझी कशाला गो वाटेल?” मग बाहेर बघत म्हणाले, “इथली पोरं धावतात ना, माझ्या पुढ्यातून. तू ती बघशील आणि मला विचारशील, असं वाटायचं.” त्यांच्या डोळ्यांतून पाणी येत होतं आणि ते पुसायचं त्यांना सुचत नव्हतं. मी माझ्या जांभळ्या बोटांनी त्यांचा गाल पुसला. गालावर शाईचा पट्टा उठला. राग होता तिथेच होता, पण त्याच्या शेजारी आता दुसरंही काही येऊन बसलं होतं, आणि मला दोन्ही माझेच वाटत होते. पुढे कित्येक महिने मी मधूनच त्यांच्याशी फटकून वागायचे. ते सोसायचे. पण त्या रविवारनंतरच्या सोमवारीच मी शाळेतून एकटी चालत आले, आणि सायकल फाटकाशी नव्हती.

मी पुढे आरोग्य खात्यातच लागले. लसी ठेवायच्या शीतगृहात सकाळ-संध्याकाळ तापमान बघायचं, नोंद करायची, पहाटे पेट्या भरून द्यायच्या. इतकी वर्षं तेच करते आहे. पेटी घेऊन निघणाऱ्या प्रत्येकाला, तो नवा असो की जुना, मी एकच विचारते: घरचं झालं का? कुणाच्या घरी तान्हं मूल असेल तर त्याला आधी आणायला लावते आणि मगच पेटी हातात देते. नवी मुलं माझ्या पाठीमागे हसतात, मला माहीत आहे. हसू देत.

त्या दिवशी आम्ही घरी पोचलो तेव्हा ऊन उतरलं होतं आणि आईने मागच्या दारातली चूल पेटवली होती. भरताची वांगी निखाऱ्यावर चरचरत होती. माझ्या कुलपाचा आवाज ऐकून ती नेहमीसारखी बोलली नाही. मी तिच्याजवळ जाऊन बसले आणि म्हटलं, “बाबांनी सांगितलं. पाड्यावर, सगळ्यांसमोर. मलाही तिथेच कळलं.” भाकर थापणारा तिचा हात थांबला. “काय सांगितलं?” “सगळं. बर्फाचं. चूक माझी, असं म्हणाले.” आईने पुन्हा थापायला सुरुवात केली. भाकर हातावर घेतली, तव्यावर टाकली, वरून पाणी फिरवलं, उलटली, मग निखाऱ्यावर उभी केली. ती टम्म फुगली. बाबा हातपाय धुऊन, गालावरचा शाईचा डाग तसाच घेऊन, नेहमीप्रमाणे शेवटी बसायचं म्हणून खांबाला टेकून उभे होते.

“बसा ना,” आई म्हणाली.

ते बसले. तिने तिघांची ताटं मांडली, चटणी वाढली, भरीत वाढलं. आणि पहिली भाकर उचलून बाबांच्या ताटात टाकली.

बाबा ताटाकडे बघत राहिले. मग त्यांनी दोन बोटांनी भाकर उचलली आणि माझ्या ताटाकडे सरकवायला गेले. आईने हाताने त्यांचा हात थोपवला. मग तिने दुसरी भाकर थापायला पीठ पुढे ओढलं. सोळा वर्षांत पहिल्यांदा मी ताटासमोर माझ्या भाकरीची वाट बघत बसले होते. बाबांच्या ताटातल्या भाकरीची वाफ हळूहळू कमी होत होती, आणि त्यांचा हात काही तिच्याकडे जाईना.

“निवून राहिली,” आई म्हणाली. “खा आता.”